परत आलेला जोड

कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पल एका वेबसाइटवर विकणाऱ्या कोमल व्हटकरला त्या वेबसाइटच्या कंपनीतल्या तळवलकर साहेबांचं गोड बोलणं खटकतच होतं. गिऱ्हाइकानं माल परत केला तरी कंपनी कमिशनचा वाटा कापून घ्यायची. असंच चाललं तर दुकान बुडणार होतं.

"आम्ही सेवा दिली, तिचे पैसे लागणारच," समजूत घालायला घरी आलेले साहेब म्हणाले. कोमलचे चुलते लाचारासारखे हो-हो करत होते.

निघताना साहेबांनी एक जोड विकत घेतला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि अंगठ्याला चावतोय म्हणून परत केला. कोमलनं शंभर रुपये कापून बाकीचे हातावर ठेवले.

"अहो, चप्पल तुमच्याकडेच राहिली ना?"

"सेवा दिली की, साहेब. पायात बसवून दिली."

"विक्रीच झाली नाही, तर पैसे कसले?"

"हेच तुमच्या हेडऑफिसला सांगा. तोवर शंभर रुपये इथंच राहतील."