पांढऱ्या वाळूचं पाणी

त्या नदीतले खवल्या मासे एकाच जातीचे होते आणि एकमेकांचा द्वेष करत. वरच्या उथळात तळाला पांढरी वाळू होती; तिथले मासे चांदीसारखे. खालच्या डोहात कुजका पाला आणि काळा गाळ. तिथले मासे काळेकुट्ट. "रंग रक्तातच असतो," असं उथळाचा प्रमुख रुपाजी सांगे. त्याचे पहारेकरी उथळाच्या अरुंद तोंडाशी उभे राहत आणि वर येणाऱ्या काळ्या माशाला फाडून काढत.

एका उन्हाळ्यात डोहाचं पाणी सडलं. शेवाळी नावाची मासोळी श्वास कोंडला म्हणून वर आली. पहारेकऱ्यांनी तिचे पर फाडले.

"रुपाजीकाका, पाणी एकच आहे हो," ती कळवळली.

"काका कुणाला म्हणतेस? गाळाची अवलाद!" त्यानं तिला शेपटीनं झोडपलं. मेली असं समजून त्यांनी तिला उथळ पाण्यातच एका कडेला वाळूवर टाकून दिलं.

ती मेली नाही. उघड्या डोळ्यांनी त्या पांढऱ्या वाळूकडे बघत पडून राहिली, आणि हळूहळू तिची पाठ फिकी होत गेली. एका सकाळी पहारेकरी जवळ आले तेव्हा तिनं अंग चोरलं. पण एकजण आपुलकीनं म्हणाला, "अगं, एकटी काय पडलीस? चल, रांगेत ये."

शेवाळी रांगेत गेली. जगायचं तर चावायला हवं, हे तिला तिथं कळलं, आणि ती चावायला शिकली.

पुढे बगळ्याच्या चोचीतून रुपाजी कसाबसा सुटला. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले. शरमेनं तो खडकाच्या कपारीत शिरला आणि आतूनच हुकूम सोडू लागला. त्याला खाणं पोचवायचं काम शेवाळीकडे आलं. वाळू दिसेनाशी झाल्यावर त्याचं अंग दिवसेंदिवस काळवंडत चाललेलं फक्त तिनं पाहिलं.

"माझी चमक कशी आहे गं?" तो विचारी.

"होती तशीच, काका."

"काका म्हणतेस, बरं वाटतं. शेवटी आपल्या रक्ताची आहेस."

शेवाळी पुढचा घास त्याच्या तोंडाशी सरकवी.

मग एके दिवशी दुपारी उथळाच्या तोंडाशी शेवाळीची धाकटी बहीण जांभी आली, काळी, धापा टाकत. पहारेकऱ्यांनी तिला घेरलं. शेवाळी रांगेतच होती. बहिणीनं तिला ओळखलंसुद्धा नाही. तो गोंधळ ऐकून रुपाजीला राहवलं नाही. तो कपारीतून मुसंडी मारून बाहेर आला.

"काळ्याला फाडा!" तो गरजला.

पहारेकरी वळले. त्यांच्याच पाण्यातून एक काळाकभिन्न मासा अंगावर येत होता. आवाज ओळखीचा वाटला, पण रंग समोर होता. सगळे त्याच्यावर तुटून पडले. मोकळ्या झालेल्या वाटेनं जांभी आत निसटली.

तो कोण आहे हे सांगायला शेवाळीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

पहिल्या चाव्याला रुपाजीला वाटलं, काळ्यानंच आपल्याला गाठलं. त्यानंतरच्या प्रत्येक चाव्यासरशी तो आणखी जोरात ओरडत राहिला, "फाडा! सोडू नका त्याला! शाब्बास, माझ्या पोरांनो, सोडू नका!"