बाबांच्या आवाजाची डिस्क

“एकही नाही म्हणजे? अहो, एकही कशी नाही?”

हे मी विचारलं. खरं तर मला मध्ये तोंड घालायचं कारण नव्हतं. मी मठात येते ती आत्मारामबाबांच्या गळ्यातली नळी साफ करायला. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला, आता हे. पण शिरीष वाणी दारात उभा राहून म्हणाला, “रेकॉर्डिंगची एकही फाईल वाचली नाही, बाबा,” आणि माझ्या हातातला कापूस खाली पडला.

बाबांनी बस, अशी हातानं खूण केली.

शिरीष बसला. तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. बाबांचा पट्टशिष्य. निदान तो स्वतःला तसं समजायचा, आणि आम्हालाही समजायला लावायचा. बारा वर्षं बाबा गिरणा नदीकाठच्या या ओसरीवर रोज संध्याकाळी बोलले, आणि बारा वर्षं यानं ते सगळं मशीनवर उतरवून घेतलं. मग बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की दोन-चार घोगरे शब्द निघतात, आणि लगेच दम संपतो.

मी आले ती ऑपरेशननंतर. बाबांचा खरा आवाज मी ऐकलेलाच नाही. लोक सांगतात, ऐकताना माणूस घरी जायचं विसरायचा. मी शिरीषच्या किती मागे लागले होते! एकदा ऐकवा हो सर, एकदाच. तो म्हणायचा, “थांबा मंदाताई, साफ करून देतो.”

त्यानं पिशवीतून डिस्क काढली. तळहाताएवढी काळी डबी. बाबांच्या पुढ्यात ठेवली.

“पुण्याला दुरुस्तीवाल्यांकडे नेली होती. त्यांनी उघडून पाहिली. आतली तबकडी घासली गेलीय. काही निघणार नाही म्हणाले.”

बाबांनी गळ्यावर बोट ठेवलं.

“कशी?”

“आधी मशीन हळू झालं. एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मला वाटलं व्हायरस असेल. तो नव्हता. मग वाटलं, फाईली विस्कळीत झाल्यात. त्या ओळीनं लावायचा प्रोग्राम चालवला. त्यानंतर आतून आवाज यायला लागला.”

“कसला?”

“टक्... टक्... थांबून थांबून.”

“मग?”

“मग तपासणी लावली. डिस्क कुठे कुठे खराब आहे ते दाखवणारा प्रोग्राम असतो. तो निम्म्यावर अडकायचा. मी बंद करून परत पहिल्यापासून लावायचो.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“महिनाभर.”

“आणि त्या आधी दुसरीकडे उतरवून नाही घेतलं?”

“बिघाड काय आहे ते तर आधी कळायला हवं ना, मंदाताई! ते माहीत नसताना...”  तो खाली बघत म्हणाला, “पुण्याचा माणूसही हेच म्हणाला. पहिली टकटक ऐकली तेव्हाच जेवढं वाचता येईल तेवढं उतरवून घेतलं असतंत, तर बरंच हाती लागलं असतं. मी तपासत होतो आणि तपासण्यातच ती घासली जात होती.”

खोटं कशाला बोलू, याच्या एक मुस्काटात द्यावी असं वाटलं मला. मग कीव आली. वॉर्डात असे नातेवाईक पुष्कळ पाहिलेत. माणूस जात असतो आणि हे त्याचा हात धरायचा सोडून सारखं ताप मोजत बसतात.

“दुसऱ्या कुणाकडे काही असेल की,” मी म्हटलं. “एखाद्याच्या फोनमध्ये?”

“नाही. मी देऊ दिलं नाही कुणाला. रोज ऐकायला येणाऱ्या धोंडूबाईंनी पेनड्राइव्ह आणून दिला होता, तो परत पाठवला. मागे कुत्री भुंकतायत, आत भांडी वाजतायत, बाबा मध्येच खोकतायत... असं कसं द्यायचं लोकांच्या हातात? साफ करून देणार होतो. सगळं साफ करून.”

आणि तो रडायला लागला. पन्नाशीला आलेला पुरुष, हुंदके देऊन. बाबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. पाठीवर हातसुद्धा फिरवला नाही.

बऱ्याच वेळानं शिरीषनं डोळे पुसले.

“बाबा, पुन्हा सांगा. रोज दोन वाक्यं. जमेल तेवढंच. या वेळी मी कागदावर लिहून घेतो.”

“काय... सांगू?”

“तेच. तेव्हा जे सांगितलंत ते.”

“काय सांगितलं?”

“ते... नदीला पूर आला होता तेव्हाचं. लागोपाठ तीन संध्याकाळी बोललात. त्यात मागे पंपाचा आवाज होता, बारीक, घूं असा. तो काढताना माझा जीव गेला.”

“आणि मी?”

“तुमचा आवाज जरा बसला होता. मी तो वर घेतला.”

“काय म्हणालो?”

शिरीषनं तोंड उघडलं. मिटलं. 

...

“दुसरं,” बाबा म्हणाले. “कुठलंही.”

“चौधरींचा मुलगा विहिरीत बुडून गेला त्या संध्याकाळचं. चौधरी इथंच, खांबाला टेकून बसले होते. तुम्ही बोललात. मग मध्येच थांबलात, पुष्कळ वेळ काही बोललाच नाहीत...”

“मग?”

“ती जागा मी कापली, बाबा. मोकळी होती म्हणून.”

मला तिथं बसवेना. उठताही येईना.

...

“मला एकही वाक्य आठवत नाही,” शिरीष म्हणाला. आता तो रडत नव्हता, आणि ते जास्त वाईट दिसत होतं. “बारा वर्षं मी सगळ्यांच्या पुढे बसलो. कानाला हेडफोन लावून, आवाजाचा काटा वर जातो की खाली एवढंच बघत. लोकांना वाटायचं, याच्याकडे सगळं आहे. मलाही वाटायचं. माझ्याकडे काही नाही, बाबा. तुम्ही तरी सांगा. एक वाक्य. कुठलंही एक. मग मी काही मागणार नाही.”

बाबांनी गळ्यावर बोट ठेवलं. शब्द फुटला नाही, नुसता श्वास शीळ घालून गेला. बोट नळीवर नीट बसत नव्हतं.

त्यांनी ते काढलं. मग पुढे वाकून शिरीषचा हात धरला, जवळ ओढला, आणि त्याचं बोट स्वतःच्या गळ्यातल्या नळीवर दाबून ठेवलं.

“अहो, हात धुतलेत का?” हे माझ्या ओठांवर आलं होतं.  पण बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी ऑपरेशननंतरच्या वेदनेतसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

शिरीषचा चेहरा बाबांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. तो श्वास रोखून ऐकत होता.

“मलाही आठवत नाही, शिरीष...” बाबा म्हणाले. “मी तुला सांगत होतो.”