उरलेले पाच मिलिग्रॅम

“मग सही कशाची केलीस?”

एस्तेरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मृणालला बरं वाटलं असतं.

“औषध ओतून टाकल्याची, बाई.”

“ओतताना पाहिलंस?”

मृणालनं रजिस्टर बाईंच्या पुढं सरकवलं.

“रजिस्टरमध्ये एक आकडा चुकलेला नाही. तुम्ही स्वतः तपासा.”

“तपासलं. अक्षर छान आहे तुझं.”

एस्तेर उजगरे या मिशनच्या इस्पितळातल्या मेट्रन. कॅन्सरच्या वॉर्डात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. मृणाल डोईफोडे सात महिन्यांपूर्वी तिथं आली ती नर्सिंगचं सुवर्णपदक घेऊन. पदक ट्रंकेतच राहायचं, तोरा मात्र रोज ड्युटीवर यायचा. बाईंच्या हाताखाली शिकायचं म्हणून तिनं शहरातली चांगली नोकरी सोडली होती, आणि आल्या दिवसापासून बाईंचं कुठं कुठं चुकतं ते बाईंनाच समजावत होती.

बाईंची एक जुनी रीत होती. मॉर्फिनची कुपी पंधरा मिलिग्रॅमची. रुग्णाला दहा द्यायचे असले की पाच उरतात. हे पाच ओल्या भुशाच्या डब्यात ओतायचे, म्हणजे पुन्हा कुणाला काढता येत नाहीत. ओतायला एक, बघायला दुसरी. बघणारीनं आधी तोंडानं म्हणायचं, “ओत, मी बघते.” मग दोघींनी सह्या करायच्या.

मृणालला याचं हसू यायचं. चाळीस खाटा, दोन नर्सा, आणि चार थेंब पडताना पाहायला वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळायचं! दिवाळीनंतर तिनं त्यावर तोड काढली. ड्युटीवर आल्या आल्या ती साक्षीच्या रकान्यात दिवसभराच्या सह्या करून ठेवायची. जोडीला रेखा वाघचौरे असायची. वयानं मोठी, कामाला वाघ.

“तुम्ही माझ्यासाठी थांबू नका, रेखाताई. माझी सही झालेली आहे.”

रेखाताई थांबायच्या बंद झाल्या.

आज सकाळी आठला त्या चादरींच्या खोलीत सापडल्या. ओठ निळे पडलेले. शेजारी रिकामी सिरिंज. श्वास मोजायला जावं तर मधेच हरवत होता.

आता अकरा वाजले होते. रेखाताई अतिदक्षता विभागात होत्या. बाहेरच्या बाकावर त्यांचा नवरा त्यांच्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टर घोरपड्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता.

“मेट्रन, ही किती दिवस घेत होती? अंगाला सवय लागली असेल तर उताराही बेतानं द्यावा लागेल. नाहीतर त्यानंच जाईल.”

रजिस्टर सांगत होतं, एक दिवसही नाही. सगळं औषध भुशात गेलं होतं. साक्षीदार, मृणाल डोईफोडे.

“मी खोटं नाही लिहिलं, बाई. विश्वास ठेवला फक्त.”

बाईंनी रजिस्टरचं पान उलटलं.

“तेव्हा मी काय करायला हवं होतं? माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या बाईवर संशय घ्यायचा?”

मग जे पोटात होतं ते बाहेर आलं. “माझं रजिस्ट्रेशन जाईल, बाई. पोलीस येतील. बाबांना काय सांगू मी?”

बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

“सोपानकाकांच्या इंजेक्शनची वेळ झाली. चल.”

औषधाच्या कपाटाला दोन कुलपं, दोघींकडे एकेक किल्ली. मृणालची किल्ली तिसऱ्या खेपेला लागली. तिनं कुपी फोडली, दहा एका सिरिंजमध्ये घेतले, उरलेले पाच दुसरीत. अठरा नंबरवर जाऊन बाईंच्या समोर सोपानकाकांना दहा दिले. काकांनी नेहमीसारखे हात जोडले. त्या हातांकडे तिला बघवेना.

दोघी टेबलापाशी परत आल्या. बाईंनी भुशाचा डबा तिच्यापुढे ठेवला, झाकण काढलं. रजिस्टर उचललं, पेन उघडलं. आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“ओत.”

मृणाल पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिली. ते आले नाहीत.

“बाई… तुम्ही बघत नाही आहात.”

“सुवर्णपदकवाली तू. बघायचं कशाला?”

मृणालच्या हातात सिरिंज होती. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. सात महिने रोज हाताळलेलं हे औषध, त्याची तिला कधी भीती वाटली नव्हती. आता वाटली. ॲप्रनचा खिसा हातापासून चार बोटांवर होता. तिला काही नको होतं, काही दुखत नव्हतं, तरी खिसा किती जवळ आहे हे तिच्या लक्षात आलं. ते लक्षात आल्यावर तिनं सिरिंज अंगापासून लांब धरली.

“ओतलंस?”

“हो.”

सवयीनं तोंडातून निघून गेलं. सिरिंज भरलेलीच होती.

बाईंच्या पेनाचं टोक कागदाला लागलं.

“थांबा! बाई, थांबा… ओतलं नाही. हातातच आहे माझ्या.”

पेन थांबलं. बाई वळल्या नाहीत.

“मग हो का म्हणालीस?”

“माहीत नाही. घाबरले मी.”

“कुणाला? इथं कुणी बघत नव्हतं.”

“त्यालाच, बाई.”

बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तशाच उभ्या होत्या.

मृणालला रडू फुटलं. “रेखाताई रोज अशा एकट्या उभ्या असायच्या इथं. हातात हे घेऊन. आणि मी वेळ वाचवत होते… वळा ना, बाई. माझ्याकडे बघा.”

बाई वळल्या. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, डब्यावर वाकल्या.

“ओत, मी बघते.”

पाच मिलिग्रॅम भुशात पडले. मुरेपर्यंत दोघी बघत राहिल्या. मग दोघींनी सह्या केल्या. मृणालचं छान अक्षर या वेळी वेडंवाकडं आलं.

टेबलावरचा फोन वाजला. तिसऱ्यांदा.

बाईंनी तो उचलला नाही. चष्मा काढला, मृणालकडे नुसतं बघितलं. फोन वाजून वाजून बंद झाला.

मृणालनं रजिस्टर उघडून मागची पानं चाळली. दिवाळीनंतर रेखाताईंच्या नावापुढे तिच्या त्रेसष्ट सह्या होत्या. त्रेसष्टांतली एकही तिनं बघून केली नव्हती, म्हणजे तेवढ्या वेळा औषध रेखाताईंच्या अंगात गेलं असू शकत होतं. तिनं रजिस्टर मिटलं आणि छातीशी धरलं.

अतिदक्षता विभाग व्हरांड्याच्या टोकाला होता. एरवी तिथं पोचायला मिनिट लागायचं. आज मृणाल वाटेत दोनदा थांबली. बाई तिच्या मागून चालत होत्या, पुढं गेल्या नाहीत.

रेखाताईंचा नवरा त्यांना बघून उभा राहिला. पिशवी हातातच होती.

“मेट्रनबाई, बोलली का हो ती काही?”

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काचेचं दार उघडून डॉक्टर घोरपडे बाहेर आले. कपाळावर घाम होता.

“श्वास पुन्हा मंदावलाय. उतारा भरून ठेवलाय मी, पण किती द्यायचा? कुणाला काही माहीत आहे की नाही?”

आतल्या यंत्राची टिकटिक मृणालला ऐकू येत होती, मधेच लांबत होती. ती एक पाऊल मागे सरली आणि बाईंच्या अंगावर आदळली.

“तुम्हीच सांगा ना, बाई. माझ्यानं नाही होणार.”

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

“सांग. मी बघते.”