कड्यावरचा पांढरा मेंढा

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या उत्तर टोकाला, जिथे राजाचा कर मागणारा माणूस पोचे पण राजा कधी पोचला नाही, अशा एका डोंगरावर बोधिसत्त्व मेंढीच्या पोटी जन्माला आला.

त्या डोंगरावर पिंगल नावाचा म्हातारा राहत असे. घरात तो, त्याचा मुलगा मेघीय आणि सून उत्पला, एवढीच माणसं. तीस-पस्तीस मेंढ्या, दगड रचून केलेला मेंढवाडा, आणि वर उघडा कडा. शेजार नव्हता. वारा सुटला की दोन माणसांना एकमेकांशी बोलायला ओरडावं लागे, म्हणून त्या घरात बोलणं कमीच असे.

पिंगलची लोकर नदीकाठच्या रंगाऱ्यांकडे जाई. पांढऱ्या लोकरीवर हवा तो रंग चढतो, तपकिरीवर चढत नाही. त्यामुळे तपकिरी लोकर दिसली की रंगारी नाक मुरडत. यावर पिंगलच्या बापानं एक नियम करून ठेवला होता. तपकिरी किंवा ठिपक्यांचं कोकरू निघालं तर ते आठ दिवसांच्या आत कापायचं. पांढऱ्या मेंढ्याला पांढरीच मेंढी द्यायची, आणि तीही आपल्याच कळपातली. बाहेरचं रक्त आलं की लोकर मळते, असं तो म्हणे. बाप मेला, पिंगलनं नियम तसाच पुढे चालवला. तो नियम बरोबर आहे का, हे पाहण्याची तसदी दोघांपैकी कुणीही घेतली नाही.

बोधिसत्त्व कळपात सर्वांत पांढरा होता. त्याचा बाप म्हातारा होऊन मेला तेव्हा पैदाशीचा मेंढा म्हणून तोच एकटा उरला. कार्तिकात मेंढ्या माजावर आल्या, त्याला त्यांच्यात सोडलं गेलं. त्या साऱ्या त्याच्याच बापाच्या लेकी होत्या. तो तेव्हा तरुण होता, आणि जे सगळे करतात ते त्यानं केलं.

चैत्रात कोकरं झाली. पहिलं कोकरू उभं राहिलं तेव्हा बोधिसत्त्वानं त्याला हाक मारली. कोकरानं मान वळवली नाही. तो आणखी जवळ जाऊन ओरडला. कोकरू समोरच्या दगडाकडे पाहत राहिलं. त्याचे डोळे फिक्या निळ्या रंगाचे होते.

उत्पलाच्याही ते लक्षात आलं. ती सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, हे कोकरू ऐकत नाही."

"लाड केले की कुणीच ऐकत नाही."

"तसं नव्हे. ह्याला ऐकूच येत नाही. बघा." तिनं कोकराच्या मागे जाऊन दोन दगड एकमेकांवर आपटले. कोकरू गवत हुंगत राहिलं.

पिंगल हसला. "भूक लागलीय त्याला. पुढ्यात जेवण असलं की तुझा नवरा तरी ऐकतो का?"

मेघीयही हसला. बाप हसला की तो हसत असे. त्याचं त्याला वेगळं हसू नव्हतं.

"अशी सात आहेत," उत्पला म्हणाली. "सातांचेही डोळे निळे. माझ्या बाबांकडे तपकिरी मेंढे आहेत. त्यातला एक आणू या."

"तुझ्या माहेरची ती चिखलाची ढेकळं? सूनबाई, मी चाळीस वर्षं मेंढ्या राखतोय. तुला इथं येऊन झाली किती? तीन?"

चाळीस वर्षं एकच चूक केली, तरी त्या डोंगरावर तिला अनुभव म्हणत.

आषाढाच्या आधी एका दुपारी कड्याखालून लांडगे आले. मेंढ्या ओरडल्या, उत्पला काठी घेऊन हाका मारत धावली. हाक ऐकू आली ती कोकरं वळून मेंढवाड्याकडे पळाली. सात कोकरं शांतपणे चरत राहिली. बोधिसत्त्व शिंगं रोखून त्यांच्याकडे धावला. एका लांडग्याला त्यानं उडवलंही. पण लांडगे पाच होते आणि कोकरं सात ठिकाणी पांगलेली होती. शेवटच्या कोकरानं लांडग्याला पाहिलं तेव्हा लांडगा त्याच्या अंगावर होता.

संध्याकाळी पिंगल म्हणाला, "लांडगे कोकरं नेतातच. त्यात नवीन काय?"

कळपात एक म्हातारी मेंढी होती. तिच्या गळ्यात घंटा होती, म्हणून सगळ्या तिच्या मागून चालत. बोधिसत्त्व तिच्याजवळ गेला.

"आजी, तुमच्या वेळीही अशी कोकरं व्हायची का?"

"व्हायची की."

"मग?"

"मग काय? दरीत पडायची, लांडगे न्यायचे. उरायची ती उरायची. तू त्यातलाच."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"अरे, माझ्या गळ्यात घंटा आहे. मी चालले की सगळ्या चालतात. मीच थांबले तर कळपाचं काय होईल?"

"तुम्ही दरीकडे चालला होतात, आजी."

म्हातारी रागावली. "शिंगं फुटली म्हणून अक्कल फुटली असं समजू नकोस," असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. त्या दिवसापासून बाकीच्याही त्याच्या अंगाला अंग लावून बसेनाशा झाल्या.

पुन्हा कार्तिक आला. या वर्षी माजावर आलेल्यांत त्याच्या स्वतःच्या लेकीही होत्या. पिंगलनं त्याला आत सोडलं आणि फाटक लावलं. बोधिसत्त्व भिंतीपाशी गेला आणि दगडांकडे तोंड करून उभा राहिला. सकाळी तसाच, दुपारी तसाच. पिंगलनं त्याला भिजवलेले हरभरे घातले. मग लसूण चारला. मग दृष्ट काढली. मग काठीनं झोडपलं. मेंढा हलला नाही.

"आजारी असेल," मेघीय म्हणाला.

"आजारी कसला? माजलाय."

"मामंजी, महिना संपत आला," उत्पला म्हणाली. "यंदा एकही मेंढी गाभण राहिली नाही तर चैत्रात दूध नाही, कोकरं नाहीत. दुसरा मेंढा आणायला हवा."

"हा वाड्यात उभा आहे तोवर दुसरा येणार नाही. आज ना उद्या वळेल. नाही वळला तर पुढच्या कार्तिकात वळेल. जाईल कुठे?"

बोधिसत्त्वानं हे ऐकलं. तो मनात म्हणाला, 'मी वळलो तर बहिरी कोकरं होतील. नाही वळलो तर हा म्हातारा माझी वाट पाहत बसेल, आणि वाट पाहता पाहता कळप संपेल. मी इथे आहे हाच यांचा अडसर आहे.'

मेंढ्याला एकटं राहता येत नाही. वाघाला येतं, घुबडाला येतं. मेंढ्याला दुसऱ्याच्या कुशीची ऊब लागली नाही तर झोप येत नाही, दुसरा चरताना दिसला नाही तर त्याला चरणं सुचत नाही. बोधिसत्त्वाला हे माहीत होतं. भर दुपारी, पिंगल उन्हात पेंगत असताना, त्यानं भिंतीवरून उडी मारली आणि तो कड्यावर निघून गेला. म्हातारीची घंटा बराच वेळ ऐकू येत होती. मग वाऱ्यानं तीही नेली.

तीन दिवस शोध झाला. चौथ्या दिवशी पिंगल म्हणाला, "वाघानं नेला." त्यानंतर दोन दिवसांची वाट तुडवून उत्पला माहेरी गेली आणि एक तपकिरी मेंढा घेऊन आली. पिंगलनं त्याच्याकडे पाहून थुंकल्यासारखं केलं. "यंदापुरता," तो म्हणाला.

बर्फ पडलं. कड्यावर बोधिसत्त्व एका दगडाच्या आडोशाला राही. पहिले काही दिवस तो पाठ दगडाला टेकून बसे आणि तो दगड मेंढी आहे असं मानून डोळे मिटी. दगड गार असे.

माघात एका दुपारी त्याला राहवलं नाही. तो खाली उतरला आणि मेंढवाड्याच्या भिंतीपाशी येऊन उभा राहिला. आत सगळ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या, त्यांच्या अंगांतून वाफ निघत होती. मधोमध तपकिरी मेंढा निवांत रवंथ करीत होता.

घंटावाल्या म्हातारीला त्याचा वास आला. ती हळूच म्हणाली, "ये आत. जागा आहे. झालं गेलं विसरू."

"आणि म्हाताऱ्यानं मला पाहिलं तर?"

"तर काय? तो खूश होईल."

"आणि या तपकिरीला कापेल."

बोधिसत्त्वानं ती वाफ एकदा छातीत भरून घेतली आणि आपल्याच पावलांच्या खुणांवरून तो परत वर गेला.

वैशाखात उत्पला लोकर कातरायची कात्री घेऊन कड्यावर आली. तिनं मागे कधीतरी त्याच्या पावलांच्या खुणा पाहिल्या होत्या. तो दगडाआड लपला. तिला तो दिसला नाही. ती मोकळ्या कड्याकडे पाहून बोलू लागली. "मामंजी अजून म्हणतात, तुला वाघानं नेलं. मी काही बोलले नाही. कातरते, ये. जड झाली असेल." ती बराच वेळ बसली. तिनं खाली एक अक्षर सांगितलं नसतं, हे त्याला कळत होतं. पण तिच्या हातून कातरली गेलेली तेवढी पांढरी लोकर कुठे लपली असती? तो बाहेर आला नाही. तिनं एका खडकावर मिठाचा खडा ठेवला आणि ती उतरली.

ती गेल्यावर तो कड्याच्या टोकाशी आला. खाली उतारावर नवी कोकरं चरत होती. काही तपकिरी, काही ठिपक्यांची, दोन-चार पांढरी. रंगाची कापली असती तर कळपच उरला नसता, म्हणून पिंगलनं यंदा नियम बाजूला ठेवला होता. त्यानं मान वर केली आणि एकदाच हाक मारली.

सगळ्या कोकरांनी माना वर केल्या.

त्यानं मोजून पाहिलं. एकही मान खाली राहिली नव्हती. एक ठिपक्यांचं कोकरू तर हाकेच्या दिशेनं चार पावलं चालूनही आलं. आणखी एक हाक मारली असती तर ते वर आलं असतं. बोधिसत्त्वानं हाक मारली नाही. ते थोडं थांबलं, मग आईकडे वळलं.

तो आणखी तीन हिवाळे जगला. न कातरलेली लोकर वाढत गेली, मळली, तिच्या गाठी झाल्या, ती डोळ्यांवर आली. जिच्यासाठी दोन पिढ्यांनी कोकरं कापली, तिच्याच ओझ्याखाली तो एका सकाळी बसला आणि पुन्हा उठला नाही. खाली कोणालाही ते कळलं नाही. पिंगलचा 'यंदापुरता' तपकिरी मेंढा तेव्हाही वाड्यातच होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली. तिथे लोहित नावाचा स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, होता. तो आपल्याच शिष्यांना आणि त्यांच्या शिष्यांना पाठ देई, आणि त्याची चुकलेली गाथा तीन पिढ्या तशीच चुकीची म्हटली जाई. एका तरुण भिक्खूनं ती चूक दाखवली. 'तू कालचा,' असं त्याला सांगण्यात आलं. तो उठून एकटा झाडाखाली बसू लागला, आणि बाकीचे त्याला गर्विष्ठ म्हणू लागले.

कथा संपल्यावर लोहितानं विचारलं, "भगवन्, तो मेंढा शेवटी खाली आला का?"

"नाही," शास्ते म्हणाले. "आणि पिंगलनंही तुझ्यासारखंच तेवढंच विचारलं असतं."

मग त्यांनी तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांची जोड सांगितली: "तेव्हाचा पिंगल म्हणजे आजचा लोहित. घंटावाली मेंढी म्हणजे त्याच्या पंगतीत बसून मान डोलावणारे. हाक ऐकून चार पावलं चालून आलेलं ते कोकरू म्हणजे झाडाखाली बसलेला हा भिक्खू. उत्पला म्हणजे भिक्खुणी सुनेत्रा, जी अजूनही न विचारता त्याच्यासाठी भिक्षेतला वाटा ठेवते. आणि तो मेंढा मी होतो. ऊब समोर असताना मी पाठ फिरवली, त्या पाठ फिरवण्याचं नाव नैष्क्रम्य."