बिडाच्या भावाचं इंजिन

मिरजेच्या पलीकडे, एका बाजाराच्या गावात रामलिंग नावाचा मोटार मिस्त्री राहत होता. जुन्या गाड्यांच्या कामात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. हाताइतकाच त्याचा शब्दही पक्का होता. गाडी घ्यायची असो की विकायची, लोक आधी ती रामलिंगला दाखवत आणि तो सांगेल तीच किंमत धरत.

त्याच्या शेडमध्ये एक फार जुनी मोटार उभी होती. एके काळी ती गावच्या इनामदारांची होती आणि रामलिंगचे वडील तिच्यावर ड्रायव्हर होते. लिलावात निघाली तेव्हा रामलिंगने ती हौसेने घेतली. पत्रा ठोकून सरळ केला, रंग दिला, गाद्या नव्याने शिवून घेतल्या. पण तिचं इंजिन कुणीतरी कधीच काढून विकलं होतं. तसल्या इंजिनाच्या शोधात रामलिंग पार हुबळीपर्यंत जाऊन आला होता.

एकदा तो ब्रेकचा ड्रम बघायला जैतुनबीच्या भंगारच्या वखारीत गेला. नवरा वारल्यापासून जैतुनबीच ती वखार चालवत होती. गंजक्या पाइपांचा ढीग बाजूला सारताना रामलिंगला खाली एक इंजिन दिसलं. त्याने फडक्याने काजळी पुसली. अंगावर कंपनीचं नाव ओतलेलं होतं, त्याच्याच मोटारीचं. त्याने प्लग काढून आत थोडं तेल सोडलं आणि पुढची पुली धरून जोर लावला. इंजिन कुरकुरलं, अडलं आणि मग फिरलं. आतून ते शाबूत होतं.

इतक्यात जैतुनबी तिथे आली. "अण्णा, कसलं आहे हो ते? पुण्याचे एक साहेब जुन्या गाड्यांचं सामान बघायला येतात. त्यांना दाखवू का?"

खरं सांगितलं तर पुण्याचे साहेब मागाल ती किंमत देऊन इंजिन नेतील, हे रामलिंगला दिसत होतं. तो हात पुसत म्हणाला, "त्यात काय दाखवायचं, भाभी? आतून संपलंय. नुसतं बिडाचं लोखंड आहे, वितळवायच्या लायकीचं."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार."

"हवं तर मी नेतो. आमचे एक पाहुणे फौंड्रीच्या भट्टीला माल पोचवतात. बिडाच्या भावाने लावा."

जैतुनबी लगेच कबूल झाली. उद्या टेम्पो घेऊन येतो, असं सांगून रामलिंग निघाला. वाटेत तो मनाशी म्हणत होता, भाभीला त्या इंजिनाचं काय करायचंय? कुठल्या अनोळखी माणसाकडे जाण्यापेक्षा ते माझ्या गाडीत बसलेलं बरं. शेडपर्यंत पोचता पोचता ते त्याला पटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. इंजिनाला ओरखडा पडू नये म्हणून त्याने आत घरातली गोधडी अंथरली होती. वखारीत शिरला आणि जागच्या जागी थांबला. इंजिनाच्या जागी फुटक्या बिडाचा ढीग पडला होता.

"फौंड्रीवाले अख्खा माल घेत नाहीत, फोडून मागतात," जैतुनबी म्हणाली. "तुम्हाला आणि त्रास कशाला, म्हणून सकाळीच दोघांना घण घेऊन बसवलं. फोडायची मजुरी तुमच्याकडून घ्यायची नाही."

रामलिंगने वाकून एक तुकडा उचलला. त्यावर कंपनीचं अर्धंच नाव राहिलं होतं.

जैतुनबीची नजर टेम्पोकडे गेली. "अण्णा, फौंड्रीच्या मालाला गोधडी कशाला?"

अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण रामलिंगला आता ते जमेना. इंजिन कुठल्या गाडीचं होतं, ते फिरत कसं होतं, पुण्याच्या साहेबांनी त्याचं काय मोल केलं असतं, सगळं त्याने मान खाली घालून सांगितलं.

जैतुनबीने त्याच्या हातातला तुकडा घेऊन ढिगात टाकला. "मी तर तुम्हालाच विचारलं होतं," ती म्हणाली.

रामलिंगने चांगल्या इंजिनाची किंमत द्यायची तयारी दाखवली. तिने ती घेतली नाही. "बिडाला बिडाचा भाव," म्हणून तिने तुकडे काट्यावर चढवले आणि तेवढेच पैसे मोजून घेतले.

पुढेही रामलिंग सुटे भाग शोधायला त्या वखारीत जात राहिला. जैतुनबी त्याला बसायला स्टूल देई, चहा देई. पण एखादी जुनी वस्तू हाती आली की ती त्याला न दाखवता पारखायला सांगलीच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवी.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात, त्याने लोभापायी खोटं मोल सांगितलं, तर हवी असलेली वस्तूही जाते आणि शब्दाचं मोलही जातं.