रेशमी फडक्यातला पाना

एकदा एक गुळाचा व्यापारी एका वृद्ध मोटार-मिस्त्रीकडे आला. गाव मिस्त्रीला वस्ताद म्हणे. व्यापारी म्हणाला, "वस्ताद, वडिलांची मोटार बावीस वर्षं कोठीत उभी आहे. आबा आता शहाऐंशीचे झाले. यंदा दसऱ्याला त्याच गाडीतून सीमोल्लंघनाला जायचं म्हणून हट्ट धरून बसलेत. पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं?"

"मग इतकी वर्षं चालवली का नाहीत?"

"छे छे! आबांची गाडी ती! ओरखडा आला असता म्हणजे? दर दसऱ्याला हार घालून, नारळ फोडून पूजा करतो की. एक वर्ष चुकवलेलं नाही."

वस्ताद गालातल्या गालात हसले आणि त्यांनी काम केरबावर सोपवले. केरबा हा त्यांचा तिशीतला शिष्य. कष्टाळू, आणि गुरूचा शब्द खाली पडू न देणारा. त्याने उंदरांची घरटी काढली, टाकी धुतली, जखडलेल्या इंजिनात वरून तेल सोडून तीन दिवस दम धरला, मग हँडल हळूहळू फिरवत इंजिन मोकळे केले. आता राहिला होता तळाचा एक नट. तो उघडून आतले डांबरासारखे झालेले जुने ऑईल काढल्याखेरीज गाडी चालू करणे धोक्याचे होते.

आणि तो नट काही केल्या हलेना! गाडी जुनी, नट इंचाच्या मापाचा; गॅरेजमधला त्या मापाचा एकुलता एक पाना झिजून गुळगुळीत झालेला. लावावा की सटकावा. केरबाची बोटे सोलून निघाली, नटाचे कोपरे झिजत चालले. असाच आणखी दोन-चारदा पाना सटकता, तर त्या नटाला मग कशाचीच पकड बसली नसती. केरबा रडकुंडीला आला.

अशात खंडेनवमी उजाडली. दसरा उद्यावर आला. गॅरेजमधली सारी हत्यारे धुऊनपुसून पाटावर मांडली गेली. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, हात लावायचा नाही, ही रीत. केरबाने घरून रेशमी फडक्यात बांधलेले गाठोडे आणले आणि भक्तिभावाने सोडले. आत इंचाच्या मापाच्या पान्यांचा लखलखीत संच होता.

"अरे, हा तर मीच तुला तीन वर्षांपूर्वी दिलेला!" वस्ताद म्हणाले. "याला तेलाचा डागसुद्धा नाही?"

"देव्हाऱ्यात ठेवलाय, वस्ताद. तुमचा प्रसाद तो. वापरायला हात कसा धजावेल?"

वस्तादांनी त्याच्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे पाहिले. मग हळदकुंकू वाहिलेला त्यातला एक पाना पाटावरून सरळ उचलला आणि ते गाडीखाली शिरले.

"अहो वस्ताद, आज खंडेनवमी!" केरबा ओरडला. गाडीची चौकशी करायला आलेला व्यापारीही दारातच थबकला.

खालून नट कुरकुरल्याचा आवाज आला आणि काळे ऑईल घमेल्यात पडू लागले.

वस्ताद बाहेर आले. "लेका, बोटं शाबूत राहावीत म्हणून मी तुला हे दिले होते. तू यांना देव्हाऱ्यात बसवलंस आणि बोटं सोलून घेतलीस. या शेठजींनीही तेच केलं. गाडीला बावीस हार घातले. आबांना मात्र एक फेरी घडवली नाही. पूजा जरूर करावी. पण माणसाच्या उपयोगी पडावं म्हणून जे मिळालं, ते कुलपात घातलं, तर त्या पूजेत आपली भीतीच तेवढी उरते."

व्यापाऱ्याने मान खाली घातली.

दसऱ्याला गाडी दोनदा खोकली, भकभक धूर ओकली आणि सुरू झाली! आबा वाटभर भोंगा वाजवत राहिले. वेशीजवळ बाभळीची फांदी घासून दारावर हातभर ओरखडा उठला. "अरे देवा!" व्यापारी ओरडला. आबांनी खाली उतरून त्यावरून बोट फिरवले आणि ते मनापासून हसले. "आता कुठं ही माझी गाडी वाटतेय!"

संध्याकाळी वस्ताद सोने द्यायला गॅरेजात आले, तेव्हा केरबा दुसऱ्या एका गाडीखाली होता. गुरूला पाहून तो लगबगीने बाहेर आला आणि त्याने ग्रीसने माखलेले हात पुसले. पुसले ते त्या रेशमी फडक्यालाच.

 वस्तादांनी सोने त्याच्या काळ्या तळहातावर ठेवले आणि त्याला पोटाशी धरले.