म्हशीच्या बदल्यात कॅमेरा

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? सल्ला देणाऱ्यावर, की सल्ला ऐकणाऱ्यावर? घाई करू नका. आधी मुकिंदाची गोष्ट ऐका, मग बोला.

माझं तालुक्याच्या गावी कॅमेऱ्यांचं दुकान आहे. शाळेचं आणि माझं फारसं पटलं नाही. दुरुस्तीला आलेले कॅमेरे उघडून बघत बघत मी हा धंदा शिकलो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या पोटात काय असतं ते मला कळतं, आणि गिऱ्हाइकाच्या पोटात काय असतं तेही थोडंफार कळतं. एक डॉक्टर माझ्याकडून दुकानातला सगळ्यात मोठा कॅमेरा घेऊन गेले. अजून घरच्या मांजराशिवाय कशाचा फोटो काढलेला नाही. आता तर कॅमेरा दिसला की मांजर पाठ करून बसतं म्हणे. ते असो.

तर हिवरवाडी नावाच्या गावात होता एक भोळा फोटोवाला. त्याचं नाव मुकिंदा. माणूस कष्टाळू, हात स्थिर, नजर साफ. खोड एकच. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेच करायचा. फक्त जिथलं सांगितलं तिथं नाही, त्याच्या पुढच्या ठिकाणी करायचा.

घरात बायको गिरजा आणि गोठ्यात चंद्री म्हैस. घर चालायचं ते चंद्रीच्या दुधावर. फोटोंवर मुकिंदाची फक्त ओळख चालायची.

एक दिवस मंगल कार्यालयाचे मालक भिकाजीराव त्याला म्हणाले, "मुकिंदा, तुझ्या फोटोत निम्मे पाहुणे मावत नाहीत. मागच्या लग्नात नवरीचा मामाच कापलास. अजून विचारतोय, मी लग्नाला होतो की नव्हतो? तू तो मोठा कॅमेरा घे, फुल फ्रेम का काय म्हणतात तो. घेतलास तर तुळशीच्या लग्नानंतरची सगळी लग्नं तुझी. नाही घेतलास तर मी दुसरा माणूस बघतो."

मुकिंदा गिरजाला घेऊन माझ्या दुकानात आला. मी मोठा कॅमेरा काढून समोर ठेवला. सांगितलं, "याच्या आतला सेन्सर मोठा. त्याच जागी उभं राहून जास्त माणसं मावतात. अंधारातही फोटो स्वच्छ येतो."

"घ्यायचा, शेठ," मुकिंदा म्हणाला. "चंद्रीला विकतो आणि घेतो."

गिरजा म्हणाली, "आणि सकाळी उठून कॅमेऱ्याची धार काढणार का?"

मुकिंदानं कॅमेरा उलटा करून खालून बघितला.

"भाऊ, बघितलंत?" गिरजा मला म्हणाली. "चंद्री गेली तर आमच्या चुलीला सुट्टी. यांना काहीतरी शहाणपणाचं सांगा."

आता दुकानदारानं गिऱ्हाइकाला परत पाठवू नये. पण बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "मुकिंदा, आधी जुन्याच कॅमेऱ्यावर भागतंय का बघ. माणसं मावत नसली तर दोन पावलं मागे सर. तरीही नाही भागलं तर ये."

"बरं झालं सांगितलंत, शेठ. तसंच करतो."

आणि केलं.

सरपंचांच्या नातीचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायकांची गर्दी. मावत नव्हत्या. मुकिंदा दोन पावलं मागे सरला. तरी आत्या बाहेर राहत होती. आणखी दोन सरला. मागे घुगऱ्यांचं पातेलं होतं, नुकतंच उतरवलेलं. मुकिंदा त्यात बसला. बसल्या बसल्या त्यानं फोटो काढला. फोटोत सगळ्या मावल्या. सगळ्यांची तोंडं उघडी होती, तेवढंच.

सरपंचांच्या आई ओरडल्या, "मुडद्या, मागं सरताना मागं बघावं की! आता घुगऱ्या कशा वाटू?"

"बरं झालं सांगितलंत, आजी. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी शाळेत देशमाने गुरुजींचा निरोप समारंभ होता. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाच्या गळ्यात हार पडणार होता. मुकिंदानं कॅमेरा पुढे धरला आणि मान मागे वळवली. मागे काही नव्हतं. भिंत होती. हार पडला, टाळ्या झाल्या, गुरुजी रडले, मुकिंदा मागेच बघत राहिला आणि बटण दाबत राहिला. सगळे फोटो पंख्याचे आले. एकात गुरुजींची टोपी होती.

गुरुजी म्हणाले, "अरे बाळा, मागं काय बघतोस? तू जागचा हलूच नकोस. मावत नसतील तर समोरच्यांना मागं सरायला सांग."

"बरं झालं सांगितलंत, गुरुजी. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी सोसायटीच्या शेततळ्याचं उद्घाटन होतं. शेततळं तुम्ही बघितलं असेलच. मोठा खड्डा, आत काळं प्लास्टिक, गुळगुळीत. चेअरमन आणि सगळी कमिटी फेटे बांधून काठावर उभी. पुढे फीत बांधायला बांबू रोवलेले.

मुकिंदा जागचा हलला नाही. म्हणाला, "जरा मागं सरा."

कमिटी सरली.

"अजून जरा."

कमिटीतले जुने लोक म्हणाले, "अरे, मागं तळं आहे."

"आजी म्हणाल्यात, मागं बघून सरा," मुकिंदा म्हणाला. "फक्त सरा."

कमिटी मागं बघत सरली आणि बघत बघतच खाली गेली. पाणी गुडघाभरच होतं. पण प्लास्टिकवरून वर येता येईना. एक वर यायचा, दुसऱ्याचं धोतर धरायचा, दोघं खाली जायचे. मुकिंदानं वरून फोटो काढला. तळ्यात मात्र सगळे छान मावले.

चेअरमन खालून ओरडले, "गाढवा! माणसं कशाला ढकलतोस? हे बांबू मधे होते, ते काढले असतेस तर आम्ही पुढं आलो असतो. मधे जे आडवं येईल ते काढून टाकावं!"

"बरं झालं सांगितलंत, चेअरमन. पुढच्या वेळी तसंच करतो."

मग तो माझ्याकडे आला. म्हणाला, "शेठ, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. जुन्यावर भागत नाही. भिकाजीरावांच्या पुतणीचं, वैजूचं लग्न आहे. ते म्हणालेत, हे लग्न नीट काढ, बाकीची तुझी. चंद्रीला गिऱ्हाईक बघू का?"

मला गिरजाचा चेहरा आठवला. मी म्हणालो, "थांब. मोठी वस्तू अशी डोळे झाकून घेऊ नये. हा कॅमेरा भिंगासकट घेऊन जा. आठ दिवस वापरून बघ. पटला तर ठेव, नाही पटला तर परत कर. त्यात लाज कसली?"

"बरं झालं सांगितलंत, शेठ."

लग्नाच्या दिवशी मुकिंदानं मोठ्या कॅमेऱ्यातून बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. सगळे मावत होते. मामा मावत होता. आजी मावत होती. बँडवाला मावत होता. दोन्हीकडच्या करवल्या मावत होत्या. इकडे नवरा, तिकडे नवरी, सगळं झकास. फक्त बरोबर मधे एक कापड आडवं आलं होतं.

तो अंतरपाट होता. दुसरं मंगलाष्टक चाललं होतं.

मुकिंदा पुढे गेला आणि अंतरपाट ओढून काढला. नीट घडी घालून खाकेत धरला. परत जागेवर आला.

वैजूनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं वैजूकडे बघितलं. मुकिंदानं बटण दाबलं.

अंतरपाट गेलेला बघून पाहुण्यांनी सगळ्या अक्षता एकदम टाकल्या. बँड सुरू झाला. मागच्या रांगेतले लोक जेवायला पळाले. भटजी दोन्ही हात वर करून म्हणत होते, "थांबा हो! अजून मुहूर्त व्हायचाय!" पण बँडपुढं भटजींचं कोण ऐकतंय? अंतरपाट मुकिंदाच्या खाकेतून काढून परत धरला, मंगलाष्टकं पुन्हा सुरू झाली, तर कुणाच्याच हातात अक्षता नाहीत. बायकांनी सतरंजीवरच्या वेचल्या. पंगतीत बसलेल्यांनी तिथूनच मसालेभाताची शितं टाकली. 

भिकाजीराव मुकिंदाला शोधत आले, बाही वर करून. पण वैजूनं आधीच तो फोटो बघितला होता. तिचे आणि नवऱ्याचे डोळे एवढाले झालेले, दोघांच्याही ओठांवर हसू फुटायच्या बेतात. मागे सगळं गोत, एकही कापलेला नाही. मामा तर अख्खाच्या अख्खा होता.

"काका, असा फोटो आपल्या घरात कुणाचाच नाही," वैजू म्हणाली. भिकाजीरावांनी बाही खाली केली.

इथंच सगळं संपायला हवं होतं. पण पाठवणी राहिली होती. वैजूची आई रडत होती. वैजूचे सासरे अवघडून उभे होते. मुकिंदाला वाईट वाटलं. तो सासऱ्यांजवळ गेला आणि चांगल्या मनानं म्हणाला, "आठ दिवस बघा. पटली तर ठेवा, नाही पटली तर परत करा. त्यात लाज कसली?"

रडणं थांबलं. बँडही थांबला.

वैजूनं पदर सावरला आणि विचारलं, "मुकिंदाभाऊ, आणि नवरदेवांचं काय? ते पण परत करता येतात ना?"

आधी सासरेच हसले, म्हणून बरं. नाही तर मुकिंदाला कॅमेऱ्यासकट शेततळ्यात टाकला असता. भिकाजीरावांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"हे बघ. फोटो बेस काढलेस. कॅमेरा घे, लग्नं तुझी. पण आजपासून तू तोंड उघडायचं नाहीस. कुणी काहीही विचारलं तरी हसायचं आणि मान हलवायची. कळलं?"

मुकिंदा हसला आणि त्यानं मान हलवली.

कॅमेरा पटला होता. म्हणजे आता चंद्री जाणार होती. बाजाराच्या दिवशी गिरजानं चंद्रीला धुतलं, कपाळाला कुंकू लावलं. म्हणाली, "विकायच्या आधी तिचा एक फोटो तरी काढा. तेवढाच राहील माझ्याकडे." मुकिंदानं मान हलवली आणि मोठा कॅमेरा गळ्यात घातला.

बाजारात दगडू व्यापाऱ्याच्या म्हशी बांधल्या होत्या. मुकिंदानं चंद्रीला त्यांच्या शेजारी बांधलं आणि फोटो काढू लागला.

दगडूला वाटलं, गिऱ्हाईक आलं. "काय पाव्हणं, म्हैस बघताय?"

मुकिंदा हसला, मान हलवली.

"ही तुमची घरची दिसतेय. हिला जोड पाहिजे का?"

मान हलली.

"ही घ्या मग. दुसऱ्या वेताची आहे, गरीब आहे. रोख देणार?"

मान हलली.

दगडूनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंद्रीचा फोटो बघितला. असली म्हैस त्यानं उभ्या जन्मात बघितली नव्हती. शिंगांवरचं तेलसुद्धा चमकत होतं. "का मग या कॅमेऱ्यावरच व्यवहार करायचा? मला जनावरांचे फोटो मोबाईलवर टाकायला लागतात."

मान हलली. चांगली जोरात हलली.

संध्याकाळी गिरजा दारात तोंड फिरवून बसली होती. घंटेचा आवाज आला म्हणून वळली, तर चंद्री परत आलेली, आणि मागे आणखी एक म्हैस. गिरजानं आधी चंद्रीच्या गळ्यात हात टाकले. मग विचारलं, "ही दुसरी कुठली? शेठचा कॅमेरा देऊन आणलीत?"

मान हलली.

गिरजा शहाणी बाई. म्हणाली, "मग वस्तू शेठची, तर बदल्यात आलेली म्हैसही शेठचीच. आपल्याला काय करायची ती? नेऊन बांधा त्यांच्या दारात."

सकाळी मी दुकानाचं शटर उघडायला आलो, तर शटरला म्हैस बांधलेली. शेजारी मुकिंदा, हसतमुख.

"अरे, कॅमेरा कुठंय?"

त्यानं मान हलवली.

"कुठंय म्हणतोय मी!" म्हशीच्या शिंगावर दगडू व्यापाऱ्याची खूण होती. "दगडूनं नेला?"

मान हलली.

"आणि ही म्हैस?" मी दावं हातात घेतलं. "ही आता माझी?"

मुकिंदा इतका आनंदानं हसला, आणि मान इतकी हलवली, की म्हशीनंही हलवली.

तर मंडळी, आता हिशेब तुम्ही मांडा. मुकिंदानं सांगितल्यापलीकडे स्वतःच्या मनानं एक तरी गोष्ट केली का, ते बघा. कुणाचा शब्द कुणाच्या नावावर टाकायचा, ते ठरवा. फक्त एवढी विनंती, हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. मी दुकानदार, आणि आता गवळीही आहे, म्हणून माझ्या बाजूला सूट देऊ नका.